स्वखर्चाने हमाली

इंग्लंडच्या कालव्यांवर ताशी चार मैलांपेक्षा जास्त वेगाने होडी हाकायला बंदी आहे. हा नियम ज्याने कुणी केला त्याच्या दूरदृष्टीचं मला कौतुक वाटतं, कारण ताशी चार मैल गाठणारा माणूस मी तरी तिथे पाहिला नाही. वळणं, कमानी, समोरून येणाऱ्या होड्या, काठाला बांधलेल्या होड्या, बदकं आणि बदकांची पिल्लं या सगळ्यांना सांभाळून तीन मैल जमले तरी पुष्कळ. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या आजीबाई काठावरून आपल्याला मागे टाकतात. जाताना 'मॉर्निंग' म्हणतात. आपण पुढच्या लॉकपाशी पोचतो तेव्हा त्या तिथल्या बाकावर थर्मासमधला चहा संपवून, झाकण पुसून, पुन्हा एकदा 'मॉर्निंग' म्हणायला मोकळ्या झालेल्या असतात.

आणि एवढं करूनही 'हळू चालवा' म्हणून ओरडा खावा लागतो. बांधलेल्या होड्यांजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, असा तिथला शिष्टाचार आहे. नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात, खुंट्या उपटतात आणि मुख्य म्हणजे कपातला चहा बशीत येतो. काही होडीमालक घडीची खुर्ची टाकून काठावर याच कामासाठी बसलेले असावेत. भाड्याची होडी दिसली की ते उठून उभे राहतात, कमरेवर हात ठेवतात आणि 'स्लो डाऊन!' अशी आरोळी ठोकतात. पहिली आरोळी आली तेव्हा आमच्या ह्यांना भरून आलं. सगळी हयात सरकारी नोकरीत गेली. वेग कमी करा, असं त्यांना कुणी प्रथमच सांगत होतं.

हे पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे लेक-जावयाने 'आईबाबांना निवांत फिरवून आणू' म्हणून कालव्याची सहल ठरवली, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. लग्नानंतर मी जेवढे कालवे पाहिले तेवढे कुठल्या गृहिणीच्या नशिबी नसतील. लोक महाबळेश्वरला जायचे, आम्ही वितरिकेचं अस्तरीकरण बघायला जायचो. पण लेक मँचेस्टरला, जावई मँचेस्टरचा, भाडं भरून झालेलं. बोलायला जागा नव्हती.

जागा होडीतही नव्हती. रेन्बरी नावाच्या खेड्यात ती ताब्यात मिळाली. लांबी साठ फूट आणि रुंदी सहा फूट दहा इंच. चाळ पाडून टाकावी आणि नुसती गॅलरी पाण्यात सोडून द्यावी, तसा तो प्रकार. त्या गॅलरीत एकामागे एक बसायची जागा, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि झोपायच्या दोन खोल्या. एकाला पुढून मागे जायचं असलं की बाकीच्या तिघांनी आपापल्या जागी भिंतीला चिकटायचं. सकाळी पोह्यांची फोडणी घातली की होडीच्या पार मागच्या टोकाला सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाचा खोकला ऐकू येई.

एवढं पंधरा-सोळा टनांचं लोखंडी धूड चालवायला परवाना लागत नाही. आपल्याकडे आरटीओत आठचा आकडा काढून दाखवल्याशिवाय स्कूटर हाती देत नाहीत. इथे एका तरुण मुलाने अर्ध्या तासात इंजिन, गॅस, पाण्याची टाकी आणि संडास एवढं दाखवलं. 'पाण्यात पडलं तर काय करायचं?' असं लेकीने विचारलं. 'उभं राहायचं,' तो म्हणाला. कालव्याचं पाणी बहुतेक ठिकाणी कमरेएवढंच असतं. पहिल्या वळणापर्यंत तो आमच्याबरोबर आला, मग टुणकन काठावर उडी मारून शीळ घालत परत गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. ब्रेक नसतो. वळायचा विचार आपण करतो तेव्हा आणि होडी वळते तेव्हा, यांच्या मधल्या वेळात माणूस तीनदा विचार बदलतो आणि होडी ते तिन्ही विचार ओळीने अमलात आणते. ह्यांनी तो दांडा हाती घेतला तो घेतलाच. यात नवल काही नाही. त्या कालव्यावर मी मुद्दाम बघत होते: दांड्यापाशी नवरा, लॉकपाशी बायको. गृहस्थ डोक्याला कप्तानाची टोपी घालून, दांड्याला टेकून कॉफी पिताहेत आणि त्यांची पाच फुटी बायको टनावारी वजनाचा दरवाजा पाठीने रेटते आहे, हे दृश्य मैलामैलाला. खरं तर दांड्याला ताकद लागतच नाही, लागते ती लॉकला. तेव्हा कामाची वाटणी उलटी हवी. हे गणित इंग्रजांना अडीचशे वर्षांत सुटलेलं नाही. आमच्या घरी ते मांडलंच गेलेलं नाही.

लॉक म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकते, कारण आमची सुट्टी तिथेच खर्ची पडली. पाण्याला डोंगर चढता येत नाही. म्हणून चढ आला की कालव्याला पायरी करतात: विटांची किंवा दगडांची एक खोल, अरुंद खोली, तिला दोन्ही टोकांना दरवाजे. आपण खालून आलो की रिकाम्या खोलीत होडी घालायची. मागचे दरवाजे लावायचे. मग पुढच्या दाराच्या झडपा उचलून वरचं पाणी आत सोडायचं. लाखभर लिटर पाणी घुसळत आत येतं, होडी हळूहळू वर उचलली जाते, आत-बाहेर पातळी सारखी झाली की वरचा दरवाजा उघडून पुढे निघायचं. झडपा उचलायला प्रत्येक होडीत एल आकाराचं लोखंडी हँडल असतं. ते दात्यांच्या चाकाच्या चौकोनी टोकावर चढवायचं, गरागरा फिरवायचं आणि खटका पडला आहे ना, हे बघूनच हात काढायचा. नाहीतर झडप धाडकन खाली, हँडल सुसाट फिरत वर, आणि मध्ये आपली हनुवटी. दरवाजाला एक भलीमोठी लाकडी तुळई असते. तिला पाठ लावायची, पाय जमिनीतल्या विटांच्या उंचवट्यांवर रोवायचे आणि रेटायचं. अडीचशे वर्षांत त्या विटा बायकांच्या टाचांनी गुळगुळीत झाल्या आहेत.

पातळीत दोन बोटांचा फरक असला तरी दार हलत नाही. 'अगं ढकलू नकोस! दोन्हीकडचं पाणी समान होऊ दे!' हे खालून, खोलीच्या तळातून ओरडत. आमच्या मध्ये साठ फूट अंतर आणि एक डिझेल इंजिन. मी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण करी. ऐकू येत होतं.

जावयाने या सगळ्याचं एक्सेल करून आणलं होतं. होडीवाल्यांचं एक जुनं सूत्र आहे: जितके मैल आणि जितकी लॉक असतील त्यांची बेरीज करायची आणि तिनाने भागायचं, म्हणजे तास निघतात. थोडक्यात, एक लॉक बरोबर एक मैल. सूत्र ऐकून सासरा-जावई दोघांचेही डोळे चमकले. त्या सूत्रात लॉकसमोरची रांग धरलेली नसते, हे ग्रिंडली ब्रूकला कळलं. तिथे सहा लॉक आहेत. त्यांतली वरची तीन जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाला एक चिकटलेली, म्हणजे खालच्या खोलीचा वरचा दरवाजा हाच वरच्या खोलीचा खालचा दरवाजा. वर जाताना सगळ्यात खालची खोली रिकामी आणि वरच्या दोन्ही भरलेल्या हव्यात. क्रम चुकला तर एक तर होडी कोरडी बसते, नाहीतर पाणी कठड्यावरून कुणाच्या तरी सँडविचवर जातं. म्हणून हंगामात तिथे राखणदार असतात. कालव्यांचा कारभार 2012 पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे आणि लॉकवर राबणारी बरीच मंडळी बिनपगारी स्वयंसेवक असतात. निळा टीशर्ट, लाल चेहरा, वय साठीच्या पुढे. आम्ही पैसे देऊन हमाली करत होतो, ते फुकट करत होते. त्यांच्याकडे पाहून मला जरा बरं वाटलं.

इंग्रज माणूस ट्रेनमध्ये समोरच्या बाकावर तीन तास बसून 'एक्स्क्यूज मी' पलीकडे जात नाही. त्याच्या हातात लॉकचं हँडल द्या, तो तुम्हाला आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सगळं सांगतो. पहिला विषय हवा. दुसरा, खाली किती होड्या खोळंबल्यात. तिसरा आणि खरा विषय संडास. होडीवाल्यांत दोन पंथ आहेत. एक मोठ्या टाकीवाल्यांचा, जे धक्क्यावर पैसे भरून ती पंपाने उपसून घेतात. दुसरा सुटकेसएवढ्या डब्याचा, जो ठरावीक ठिकाणी हाताने नेऊन रिकामा करायचा असतो. दोन्ही पंथ एकमेकांची मनापासून कीव करतात. अत्यंत सुसंस्कृत, बहुधा प्राध्यापक असलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला डबा तिरपा कसा धरावा, हे स्वतः वाकून दाखवलं. ह्यांनी शंका विचारल्या. मी आणि लेक बदकं बघत राहिलो.

दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत इतकी होडी अरुंद का, याचा छडा मी रात्री होडीतल्या पुस्तकांतून लावला. गुन्हेगार सापडला. त्याच्याही आधी एक प्रेमभंग आहे. ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक, फ्रान्सिस इगर्टन. ऐन बाविशीत, एलिझाबेथ गनिंग या देखण्या विधवेशी ठरलेलं त्याचं लग्न मोडलं. अशा वेळी आपल्याकडचा मुलगा गझला लिहितो. याने कालवा खणला. 1761 साली त्याच्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा पाण्यावरून मँचेस्टरकडे निघाला आणि शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. गझलांनी अजून कशाचाच भाव उतरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या ड्यूकच्या कामावर होता जेम्स ब्रिंडली. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, लिहिण्यावाचण्याशी संबंध बेताचाच. आराखडे सगळे डोक्यात. कोडं अवघड असलं की घरी जाऊन अंथरुणात पडून राहायचा आणि उत्तर सापडलं की उठायचा. 'आमच्याकडेही असे इंजिनिअर होते,' हे म्हणाले, 'फक्त ते उठत नसत.' पार्लमेंटच्या समितीला जलसेतू समजेना तेव्हा ब्रिंडलीने चीज कोरून त्याचा नमुना करून दाखवला, अशीही एक गोष्ट सांगतात. मंजुरी मिळाल्यावर तो नमुना कुणाच्या पोटात गेला, ते कुणी सांगत नाही. तर या ब्रिंडलीपुढे नंतर ट्रेंट आणि मर्सी नद्या जोडायचं काम आलं. वाटेत हेअरकासलची टेकडी. तिच्यातून दीड मैलाहून लांब बोगदा खणायचा, तर रुंदी जितकी कमी तितका खर्च कमी. आणि लॉक जितकं अरुंद तितकं पाणी कमी. त्याने लॉकची रुंदी सात फुटांच्या आसपास ठरवून टाकली. पाठोपाठच्या कालव्यांनी तेच माप उचललं. तेव्हापासून मधल्या इंग्लंडातल्या त्या कालव्यांवर फिरणारी प्रत्येक होडी सात फुटांच्या आत, आणि म्हणून मी शेगडीशी उभी असताना जावयाला फ्रिज उघडायचा असला की मला आधी बाहेर जावं लागतं.

या सात फुटांत पूर्वी अख्खी कुटुंबं राहायची. होडीच्या बहुतेक लांबीत कोळसा नाहीतर माल, आणि मागे जेमतेम दहा फुटांची कोठडी. तीत नवरा, बायको, पोरं, चूल. रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचे दर पडले, काठावरचं घर परवडेना, म्हणून संसार पाण्यावर आला. पोरं शाळेत जायची नाहीत, कारण शाळा चालत नाही आणि होडी थांबत नाही. कोठडीच्या दारांवर त्यांनी गुलाब आणि किल्ले रंगवले. आता ते गुलाब आणि किल्ले मगांवर छापून विकतात. आजही हजारो लोक होड्यांत राहतात. त्यांतल्या ज्यांनी कायमची जागा घेतलेली नाही त्यांना एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही, असा कायदा आहे. अशा एका दाढीवाल्याला ह्यांनी विचारलं, 'मग तुमचं रेशनकार्ड कुठल्या पत्त्यावर?' लेकीने भाषांतर करायला नकार दिला.

ह्यांचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीने कासावीस होता. एवढा कालवा, बारमाही पाणी, दोन्ही तीरांवर हिरवी शेतं, आणि एकाही शेताला चारी नाही! आवर्तन नाही, पाळी नाही, पाटकरी नाही. 'हे पाणी करतं काय?' त्यांनी एका निळ्या टीशर्टाला विचारलं. तो म्हणाला, 'होड्या तरंगवतं.' हे रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. तेवढ्या रुंदीत ते सोपं नव्हतं.

त्यांची शांती एल्समीरच्या पुढे एका माहितीफलकाने केली. आम्ही चाललो होतो तो लँगॉलेन कालवा. 1944 साली त्याच्या मालक रेल्वे कंपनीने कायदा करून घेऊन तो वाहतुकीला बंद केला. त्या काळात असे कालवे बुजायचे, नाहीतर जुन्या सायकली टाकायच्या कामी यायचे. हा वाचला, कारण तो वेल्समधल्या डी नदीचं पाणी हर्लस्टनच्या जलाशयाला पोचवतो आणि तिथून ते चेशायरच्या नळांना जातं. रोज कोट्यवधी लिटर. होड्यांनी हा कालवा वाचवला नाही, नळांनी वाचवला. हे त्या फलकासमोर ताठ उभे राहिले. 'पाणीपुरवठा!' एवढंच म्हणाले. इतर कालव्यांतलं पाणी जवळजवळ स्थिर असतं, याचं मात्र वाहतं, आणि आम्ही प्रवाहाविरुद्ध चाललो होतो. म्हणजे आमचा वेग आणखी कमी. ते दुःख आता त्यांना उरलं नाही. उलट चर्कच्या बोगद्यात होडी अंधारात एकाच जागी थबकल्यासारखी झाली तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, 'बघ, केवढा विसर्ग आहे!'

मग तो जलसेतू आला. त्याचं नाव पोन्तकसुल्टे असं काहीतरी आहे; वेल्श माणूस ते म्हणतो तेव्हा मध्येच हवा सोडतो. थॉमस टेल्फर्ड आणि विल्यम जेसप यांनी 1795 मध्ये सुरू करून 1805 मध्ये तो पुरा केला. दगडाचे 18 खांब, त्यांवर बिडाची पन्हळ, लांबी 307 मीटर, आणि खाली 38 मीटरवर डी नदी. पन्हळीचे सांधे साखरेच्या पाकात बुडवलेल्या फ्लॅनेलने बुजवले, चुन्यात बैलाचं रक्त घातलं, असं म्हणतात. पाणी भरून सहा महिने गळतंय का ते पाहिलं आणि मगच उद्घाटन केलं. 2009 पासून तो जागतिक वारसा आहे. हे सगळं हे आम्हाला आदल्या रात्री सांगत होते. कसं सांगत होते म्हणता, टेल्फर्ड त्यांच्या बॅचचा असावा.

पुस्तकात एक गोष्ट त्यांनी वाचली नव्हती. पन्हळीच्या एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीही नाही. पन्हळीची कड पाण्यापासून वीतभर वर येते आणि संपते. त्या कडेला कठड्यासाठी भोकं पाडून ठेवली आहेत, कठडा मात्र दोनशे वर्षांत कुणी बसवलेला नाही. मागे उभं राहून त्या बाजूला पाहिलं की होडी नाही, पाणी नाही, एकदम खाली मेंढ्या, आणि त्याही ठिपक्याएवढ्या.

होडीचं नाक पन्हळीत शिरलं. हे म्हणाले, 'अगं, जरा धरतेस का? मला आतून गळती बघायची आहे.'

सबंध सहलीत दांडा माझ्या हाती आला तो असा. आणि तिथे मला कळलं की जलसेतूवर होडी चालवावी लागतच नाही. पन्हळ होडीपेक्षा थोडीच रुंद. दोन्हीकडचं बीडच होडीला सरळ धरतं. चालवणाऱ्याने न ओरडता उभं राहायचं, एवढंच. तो माझा जन्माचा सराव. पायवाटेवरचे पर्यटक हात हलवत होते, मी राणीने हलवावा तसा परत हलवत होते. आतल्या पडद्याआडून अधूनमधून आवाज येई: 'आलं का दुसरं टोक?' जलसेतूच्या मध्यावर तळाला एक बूच आहे आणि तपासणीच्या वेळी ते काढून सगळं पाणी खाली नदीत सोडतात, ही माहिती मी नेमकी तेव्हाच मोठ्याने वाचून दाखवली.

लँगॉलेनच्या पुढे इंजिनाच्या होड्यांना मज्जाव आहे. कालवा फारच अरुंद होतो. तिथे 1884 पासून पर्यटकांसाठी घोड्यांनी ओढायच्या होड्या चालतात. आमच्या सगळ्या प्रवासात आम्ही ज्याच्या बरोबरीने चालू शकलो असा पहिला प्राणी म्हणजे तो घोडा. त्याच्या मागोमाग आम्ही काठाने टेल्फर्डच्याच अर्धगोल बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो. डी नदीचं पाणी कालव्यात शिरतं ते इथे, आणि शेजारी एक छोटंसं घर आहे. त्यात किती पाणी घेतलं ते मोजतात. ह्यांनी पावलं झपझप उचलली. ताशी चार मैल सहज असतील.

घराशेजारी एक निळा टीशर्ट उभा होता. तोही निवृत्त, तोही आयुष्यभर पाण्याच्या खात्यात. दोघांनी एकमेकांकडे एकदा बघितलं आणि दुभाष्याची गरज संपली. विसर्ग झाला, गाळ झाला, बाष्पीभवन झालं. लेकीने घड्याळ दाखवलं, मी बाकावर बसले. मग ह्यांनी आवाज खाली आणला. 2018 साली पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठेचा उजवा कालवा फुटला, तेव्हा संशय उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर घेतला गेला होता. सगळ्या महाराष्ट्राने त्यावर हसून घेतलं. आमच्या घरात त्यावर हसायला बंदी आहे.

'तुमच्याकडे बांध फुटतात?' ह्यांनी विचारलं.

'फुटतात कधीकधी,' तो म्हणाला.

'कशाने?'

त्याने इकडेतिकडे पाहिलं. 'बॅजर. बिळं करतात हो. कितीही बंदोबस्त करा.'

'बघ!' हे माझ्याकडे वळून ओरडले. मध्ये इंजिन नव्हतं, त्यामुळे या वेळी मला ऐकू येणं भागच होतं.